तीन वह्या एका टेबलावर

माझ्या धाकट्याची पहिली २०२०-२१ साली झाली. ऐन कोरोनात शाळा बंद होती. विद्यागम योजनेत काही आठवडे सर देवळाच्या कट्ट्यावर मुलांना घेऊन बसायचे, तेवढंच काय ते शिक्षण. दुसरीचंही बरंचसं वर्ष घरातच गेलं. पुढे २०२२-२३ साली कर्नाटक सरकारने ‘कलिका चेतरिके’ म्हणून अख्खं वर्ष राहिलेला अभ्यास भरून काढायला दिलं, तेव्हा तो तिसरीत होता आणि आम्ही निर्धास्त होतो. सगळीच पोरं मागे राहिलीत, हाही हळूहळू येईल वर, असं घरात, शाळेत, सगळीकडे बोललं जायचं.

बाकीची पोरं वर आली. जूनमध्ये जिला नाव धड लिहिता येत नव्हतं ती शेजारची मुलगी दिवाळीनंतर धडा घडाघडा वाचायला लागली. माझा लेक ‘कमळ’ वाचायचा, ‘नगर’ वाचायचा. ‘मिरची’ आली की थांबायचा. थांबून माझ्या तोंडाकडे बघायचा आणि चित्र बघून काहीतरी अंदाजाने सांगायचा. बाकी हुशारीत काही कमी नव्हतं. त्याचे बाबा टेम्पो चालवतात, खानापुरातून विटा आणि कौलं भरून नेतात. एका खेपेत किती कौलं, फुटली किती, हिशोब किती झाला, हे तो बोटंही न मोडता सांगायचा. ऐकलेली गोष्ट आठवड्याने विचारा, एक माणूस इकडचा तिकडे व्हायचा नाही.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढे. शाळा सरकारी, मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी. शिक्षक तीन. त्यातले हेडमास्तर स्वतः इंग्रजी शिकवायचे, एक सर मराठी-गणित बघायचे आणि कन्नडला एक टीचर होत्या, बैलहोंगलकडच्या. आमच्या भागात पोराला घरची बोली, शाळेची मराठी, कन्नड आणि इंग्रजी असं सगळं एकदमच सुरू होतं. कन्नड शिकणं २०१५च्या कायद्याने सगळ्याच माध्यमांना बंधनकारक झालंय आणि इंग्रजी पहिलीपासून असतंच. म्हणजे आठ वर्षांच्या मुलापुढे देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या.

म्हणूनच प्रत्येकाकडे त्याच्या अडचणीचं कारण तयार होतं. मराठीचे सर म्हणायचे, कन्नडमुळे गोंधळतोय. कन्नडच्या टीचरना वाटायचं, घरात कन्नड नाही म्हणून मागे आहे. हेडमास्तर म्हणायचे, इंग्रजीला गावात सगळेच कच्चे, त्यात काय. माझ्या सासूबाईंनी तर ठरवूनच टाकलं होतं, “त्येला चंदगडला मामाकडं ठेवा. तिकडं कन्नडचा ताप न्हाई. एकच भाषा असली की पोरगं शिकतंय.” सीमेवरच्या घरांत हा सल्ला नवा नाही. दहा-वीस किलोमीटरवर महाराष्ट्र, तिथे आपले नातेवाईक, मग पोराला पलीकडे पाठवा. माझ्या ओळखीच्या दोन घरांनी तसं केलंही होतं.

मला ते पटत नव्हतं. कारण सगळे जी भाषा त्याची घरची आणि सोपी म्हणत होते, त्याच मराठीत तो रोज रात्री माझ्यासमोर अडत होता.

गाठ सुटायला लागली ती एका पालक सभेत. सभा झाल्यावर कन्नडच्या टीचर मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाल्या, “अक्का, कन्नड बोलायला हा सगळ्यांपेक्षा लवकर शिकलाय. तोंडी विचारलं तर सगळं सांगतोय की. खरं लिहायला दिलं की वहीवर डोकं ठेवतोय.” (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे बेळगावच्या वाचकांना सांगायला नको.) मी म्हटलं, “टीचर, मराठीतही तसंच करतोय.” त्या बघतच राहिल्या. त्यांना वाटत होतं की मराठी त्याला छान येत असणार. तिकडे मराठीच्या सरांना वाटत होतं, अडचण कन्नडची आहे. वर्षभर एकाच छोट्या शाळेत, एकाच व्हरांड्यातून जाता-येता, दोघांनी एकमेकांना हे विचारलंच नव्हतं. यात कुणाचा दोष नाही. तीन माणसांवर पाच वर्ग, त्यात दुपारचं जेवण, दुधाचं वाटप, वरून येणारे रकाने भरणं. बोलायला वेळ कुठून येणार?

टीचरनीच सुचवलं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळे बसू, वह्या घेऊन.

त्या शनिवारी हेडमास्तरांच्या टेबलावर त्याची मराठीची, कन्नडची आणि इंग्रजीची वही शेजारी शेजारी उघडून ठेवली. मला कन्नड वाचता येतं, फार नाही, खरं अक्षरं कळतात. मराठीच्या वहीत वेलांटी चुकीच्या अक्षरावर जात होती, ‘मिरची’चं ‘मरिची’. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल. जोडाक्षरातलं अर्धं अक्षर गायब, ‘पुस्तक’चं ‘पुतक’. टीचरनी कन्नडच्या वहीवर बोट ठेवलं. कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लिहितात, त्याला ओत्तक्षर म्हणतात. याच्या वहीत ते खालचं अक्षर जवळजवळ कुठेच नव्हतं. ‘अक्का’चं ‘अका’, ‘अम्मा’चं ‘अमा’. ऱ्हस्व-दीर्घाचं तेच. इंग्रजीत बी आणि डी उलटे, आणि तीन अक्षरी शब्दातली मधली-शेवटची अक्षरं जागा बदललेली.

सर बराच वेळ एका वहीवरून दुसऱ्या वहीवर जात राहिले. मग म्हणाले, “हे एकच दुखणं आहे हो. तिन्हीकडं तेच.”

माझ्या मते या सगळ्या प्रवासातला खरा निर्णय इथेच झाला. परकी भाषा जड जात असती तर घरच्या भाषेत तो मोकळा वाचला असता. इथे मराठीत अर्धं अक्षर जसं गळत होतं तसंच कन्नडमध्ये खालचं अक्षर गळत होतं. लिहिण्याची तऱ्हा दोन लिप्यांत वेगळी, मराठीत पहिलं अक्षर अर्धं होतं आणि कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहून दुसरं खाली जातं, तरी दोन्हीकडे सुटत होता तो आवाजाचा एकच तुकडा. चंदगडला पाठवलं असतं तर कन्नडची वही बंद झाली असती, दुखणं त्याच्याबरोबर मामाच्या घरी गेलं असतं. सीमाभागातल्या आई-बापांना मी हे कळकळीने सांगते: पोर मागे पडलं की आधी घरच्या भाषेतली वही बघा. तिथेही तसंच असेल तर भाषांना बोल लावण्यात वर्ष घालवू नका.

हेडमास्तरांचं समावेशक शिक्षणाचं ट्रेनिंग झालेलं होतं. त्यांनी सांगितलं की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि वाचण्या-लिहिण्यातली ही अडचण, शिकण्याची विशिष्ट अक्षमता, त्यात येते. तिसरीत किंवा आठव्या वर्षाच्या सुमारास शाळेनेच पहिली चाळणी करायची असते, मग डॉक्टर. त्यांनी खानापूरच्या बी.आर.सी.ला, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्राला, फोन करून विशेष शिक्षकांना बोलावलं. कर्नाटकात प्रत्येक ब्लॉकला असे शिक्षक असतात, त्यांना बी.आय.ई.आर.टी. म्हणतात, तालुक्यातल्या शाळा फिरून ते अशा मुलांना बघतात.

ते विशेष शिक्षक आले तेव्हा मला वाटलं, मुलाला घेऊन बसतील आणि काय ते सांगतील. त्यांनी आधी आम्हालाच कामाला लावलं. एक प्रश्नावली वर्गशिक्षकांना दिली, एक मला, आणि एकमेकांची बघायची नाही म्हणून बजावलं. भरून झाल्यावर दोन्ही कागद समोर ठेवले. सरांनी लिहिलं होतं, ‘लक्ष लागत नाही, सतत उठतो.’ मी लिहिलं होतं, ‘सायकल खोलून बसला की जेवायला हाक मारली तरी उठत नाही.’ विशेष शिक्षक म्हणाले, जिथे तुमचं दोघांचं जुळत नाही ती ओळ माझ्या कामाची. लक्ष आहे, म्हणजे अडचण लक्षाची नसावी. वर्गात तो उठतो ते वाचायची पाळी जवळ आली की. सरांनी पुढचे काही दिवस नजर ठेवली आणि तसंच निघालं. आपली ओळ येण्याआधी दोन मुलं राहिली की हा पाणी प्यायला जायचा.

त्यांनीच आणखी एक माहिती दिली, जी मला फार धीर देणारी वाटली. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली हीच अडचण, तपासायच्या चाचण्या बहुतेक इंग्रजीत, अशी माझी समजूत होती. नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने २०१५ साली ‘डाली’ नावाचा संच काढलाय, तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. आमच्या मुलांच्या दोन्ही भाषा त्यात आहेत.

डोळे आणि कान खानापूरच्या सरकारी दवाखान्यात तपासले, ते ठीक निघाले. पुढची तपासणी धारवाडला, डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत. आम्ही रेल्वेने गेलो, लोंढा-अळणावरवरून. पुढे बेळगावच्या फेऱ्या झाल्या त्या बसने. २०२३च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस मोफत झाली, त्यामुळे फक्त पोराचं अर्धं तिकीट लागायचं. ज्या आईला पुन्हा पुन्हा दवाखान्याला जायचं असतं तिला याचं मोल कळतं.

धारवाडला जाताना सरांनी एक पत्र दिलं होतं. त्यात ‘अभ्यासात कच्चा’ असलं मोघम काही नव्हतं. कोणत्या प्रकारच्या चुका, कधीपासून, तोंडी काय येतं, वर्गात कशाने फरक पडतो, असं सगळं एका पानात, आणि सोबत तिन्ही वह्यांच्या निवडक पानांच्या झेरॉक्स. तिथल्या मॅडमनी आधी त्या झेरॉक्सच बघितल्या. मुलाशी त्या मराठीत बोलल्या. धारवाडात ते अवघड नाही. बुद्धीची चाचणी झाली ती बिने-कामत. मॅडमनी सांगितलं की कामत यांनी परदेशी बिने चाचणी १९३४ साली कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली होती. चाचणी जुनी आहे, खरं आपल्याच भागातल्या या दोन भाषांच्या मुलांचा विचार नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी केला होता, हे ऐकून मला बरं वाटलं. मग वाचन, लेखन, गणित यांच्या वेगळ्या चाचण्या. निदान ठरलं: बुद्धी चांगली, वाचन-लेखन इयत्तेच्या दोन वर्षं मागे, डिस्लेक्सिया.

घरी आल्यावर प्रमाणपत्रावरून वाद झाला. माझे मिस्टर म्हणाले, “अपंगाचं कार्ड कशाला? पोरगं धडधाकट आहे. उद्या लग्नाला कोण इचारंल?” सासूबाईही त्यांच्याच बाजूने. गावातल्या लोकांचा पहिला प्रश्न दुसराच होता, पैसे किती मिळतात? समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजांच्या मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद असते, ती साहित्य, सेवा अशा कामांसाठी. महिन्याला घरी पैसे येतील असा समज करून कुणी धावपळ करू नये.

मिस्टरांचा राग मला समजत होता. माझ्या एकटीच्या बोलण्याने काही होईना. एका संध्याकाळी हेडमास्तर आणि कन्नडच्या टीचर घरी आल्या. चहा झाला. हेडमास्तर म्हणाले, “कार्डाची घाई नाही. मनाला पटेल तेव्हा काढा. दहावीला जादा वेळ लागंल, लेखनिक लागंल, तेव्हा कागद मागतील. केंद्राच्या नियमात तासाला निदान वीस मिनिटं जादा आहेत. खरं शाळेत काय करायचं त्याला कागद लागत नाही. ते सोमवारपासून करू.” टीचर मिस्टरांना म्हणाल्या, “अण्णा, तुमचा पोरगा माझ्यापेक्षा चांगलं कन्नड बोलंल बघा.” तेवढ्याने मिस्टर हसले. कार्डाचा अर्ज आम्ही पुढे काही महिन्यांनी भरला. ग्रामपंचायतीत व्ही.आर.डब्ल्यू. म्हणून पुनर्वसन कार्यकर्ता असतो. आमच्याकडचे स्वतः कुबडी घेऊन चालतात. त्यांनी यू.डी.आय.डी.चा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज भरून दिला, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा एवढंच लागलं. जिल्हा रुग्णालयातून तपासणी होऊन कार्ड पोस्टाने घरी आलं.

शाळा कार्डासाठी थांबली नाही, याला मी फार महत्त्व देते. कागद हातात येईपर्यंत काही करता येत नाही असं सांगून मुलाचं वर्ष वाया घालवलेली उदाहरणं मला माहीत आहेत.

आता सोमवारपासून काय केलं ते.

एक निरोपाची वही केली. सर किंवा टीचर एक ओळ लिहायचे, रात्री मी एक ओळ. नियम एकच ठरला, तक्रार लिहायची नाही. आज काय घेतलं, किती वेळ टिकला, कुठे अडला, एवढंच. सुरुवातीला माझ्या हातून ‘अजिबात बसत नाही’ असली वाक्यं यायची, ती टीचर दुसऱ्या दिवशी विचारून दुरुस्त करून घ्यायच्या: किती मिनिटं बसला? दहा? मग दहा लिहा. त्या वहीमुळे घरात आणि शाळेत एकच गोष्ट एकाच आठवड्यात चालायला लागली. सर ‘इ’कारावर असले की मीही ‘इ’कारावर. त्याआधी शाळेत वेलांटी आणि घरी मी शुद्धलेखनाचं पान उतरवायला बसवलेलं, असं चालायचं.

वेलांटीसाठी विशेष शिक्षकांनी युक्ती दिली. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते आणि कानांना नंतर ऐकू येते, तिथे अशी पोरं घसरतात. म्हणून आधी ‘म’ म्हणत ‘म’ लिहायचा, मग ‘इ’ म्हणत हात मागे न्यायचा आणि लाल पेन्सिलीने वेलांटी काढायची. परातीत रांगोळी पसरून बोटाने मोठं अक्षर काढायचं, तोंडाने आवाज करत. जोडाक्षरासाठी टाळ्या: ‘पुस्’ एक, ‘तक’ दोन. पहिल्या टाळीच्या शेवटी काय ऐकू आलं? ‘स्’. मग तो लिहायचा राहिला की त्याला स्वतःलाच टाळी आठवायची. वाचताना ओळी सरकायच्या, त्यावर जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला एका ओळीएवढी खिडकी कापली. ती खिडकी धड्यावरून खाली सरकवत न्यायची. रोज पंधरा मिनिटं, त्याच्यावर एक मिनिट नाही. हे पाळणं मला सगळ्यात जड गेलं, कारण थोडं जमायला लागलं की आपल्याला हाव सुटते.

दोन भाषांचं गणित टीचर आणि सरांनी मिळून बसवलं, आणि ते मला आजही त्यांचं सगळ्यात सुंदर काम वाटतं. मराठी आणि कन्नड वर्णमालेचा क्रम एकच आहे, क-ख-ग-घ, च-छ-ज-झ. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ला ऱ्हस्व-दीर्घ अशी दोन रूपं जास्त, बाकी वाट तीच. म्हणून आवाज दोन्ही वर्गांत एकाच आठवड्यात तोंडी घ्यायचा, लिहायला मात्र आधी मराठीत, आणि तो पक्का झाला की मगच कन्नडमध्ये. तोवर कन्नडची परीक्षा तोंडी. टीचर प्रश्न वाचायच्या, तो उत्तरं सांगायचा. दोन शिक्षकांनी आपापल्या विषयाचा वेग एकमेकांसाठी बदलला, हे सरकारी शाळेत, अभ्यासक्रम पुरा करायचा दबाव असताना, सोपं नाही.

सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही. मोठ्याने वाचण्यावरून माझा आणि सरांचा खटका उडाला. माझं म्हणणं, त्याला सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. सरांचं म्हणणं, कधीच उभं केलं नाही तर तो कायमचा पाणी प्यायला जात राहील. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. शेवटी असं ठरलं की उद्या त्याला कोणता परिच्छेद येणार ते सर आदल्या दिवशी वहीत लिहून पाठवतील. चार-पाच ओळीच. रात्री आमची पंधरा मिनिटं त्यावर. सकाळी तो तयार होऊन जायचा आणि तेवढ्याच ओळी उभा राहून वाचायचा. पहिल्या आठवड्यात आवाज फुटत नव्हता. नंतर तो आदल्या दिवशी स्वतःच सरांच्या मागे लागायला लागला, “सर, माझ्या ओळी?” वर्गातल्या पोरांनी विचारलं, याला का आधी सांगता? सरांनी सांगितलं, ज्याला पाहिजे त्याने आदल्या दिवशी मागून घ्या. आणखी दोन-तीन मुलांनी मागितल्या. त्यांतली एक मुलगी कुणाच्या लक्षातही न आलेली, गप्प बसणारी होती. तिची वही पुढे तशाच प्रकारे टेबलावर आली.

मिस्टरांचा भाग वेगळाच सुरू झाला. रविवारी ते त्याला टेम्पोत घेऊन जायचे. रस्त्यावरच्या पाट्या कन्नडमध्ये, दुकानांच्या काही दोन्ही भाषांत. हा पहिलं अक्षर ओळखायचा, उरलेलं दोघं मिळून जुळवायचे. त्यांना स्वतःला कन्नड पाट्या घडाघडा वाचता येत नाहीत, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्न नव्हता. एकदा निरोपाच्या वहीत त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘आज नंदगड पाटी त्याने आधी वाचली.’ टीचरनी खाली कन्नडमध्ये शाबासकी लिहिली.

चौथी-पाचवीच्या दोन वर्षांत काय झालं? तो आता मराठी वाचतो, सावकाश. मोठा उतारा असला तर दमतो. लिहिताना रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात. परिसर अभ्यासाच्या पेपरात सर त्या चुकांचे गुण कापायचे नाहीत, उत्तर बरोबर आहे का एवढंच बघायचे. कन्नड वाचन मराठीच्या मागोमाग आलं, ओत्तक्षर अजून कधीतरी निसटतं. गणितात तो वर्गात पुढे आहे, फक्त शाब्दिक उदाहरण कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. रात्री अंथरुणात पोट दुखतंय म्हणून रडणं थांबलं, त्याचं मोजमाप कुठल्या चाचणीत नाही, पण मला विचाराल तर पहिला फरक तोच दिसला.

यंदा सहावीला तो मोठ्या गावातल्या शाळेत गेला. तिथे विषयागणिक शिक्षक, ओळखीचं कुणी नाही. जुन्या शाळेतून निघताना हेडमास्तर, सर, टीचर आणि मी बसून एक पान तयार केलं, वरती मराठीत, खाली कन्नडमध्ये. त्यात निदान एका ओळीत, बाकी सगळं कामाचं: फळ्यावरून उतरवायला जास्त वेळ लागतो, लिहिलेला कागद दिला तर बरं, वाचायच्या ओळी आदल्या दिवशी सांगा, प्रश्न वाचून दाखवला तर उत्तर येतं, न सांगता उभं करू नका. टीचरनी त्या शाळेच्या कन्नडच्या शिक्षकांना आधीच फोन केला होता. ते पान वाचून त्या शिक्षकांनी मला पहिला प्रश्न केला, तोंडी परीक्षा सगळ्यांच्या आधी घेऊ की नंतर? मी म्हटलं, आधी घ्या, वाट बघताना तो जास्त घाबरतो.

इंग्रजीचं अजून जमलेलं नाही. तिथल्या सरांचं मत, शब्द पाठ करून घ्यावेत, सहावीत आता आवाजापासून सुरुवात करायला वेळ नाही. माझं मत, मराठीत जे आवाज पकडून आलं ते इंग्रजीतही तसंच येईल, मागे जावं लागलं तरी चालेल. सरांनी एक सत्र दोन्ही करून बघायचं कबूल केलंय, आठवड्याचे चार शब्द पाठ आणि दोन आवाज. खानापूरच्या विशेष शिक्षकांना दसऱ्याच्या सुट्टीआधी बोलावलंय. काय निघतंय ते बघून पुढचं ठरवू.